पान सत्तावीस

खानापुरात कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
पाटीवर कन्नड वर, मराठी खाली.
खालच्या ओळीला दोनदा डांबर फासलं कुणीतरी,
दोनदा मीच रॉकेलनं घासून काढलं.
अन्याय म्हणून मला ठाऊक होता तो एवढाच.

कार्मेलिन सिद्दी आली पोराच्या दाखल्यासाठी,
जंगलाकडच्या वाडीतून, पहिल्या बसनं.
साहेब म्हणाला, तुम्ही इथलेच, याला पुरावा काय?
तिनं आपला दंड दाखवला, केस दाखवले.
साहेब म्हणाला, हा तर बाहेरचं असल्याचा पुरावा.
सांगताना हसली ती. मग म्हणाली,
"माझा पणजा तुमच्या पणजाकडं जीताला होता म्हणतात.
बघा की, कागदात कुठं सापडला तर."

रात्री मोडीचं बाड उतरवलं.
वडिलांनी मोडी शिकवलेली, छडी घेऊन,
घराण्याचं लिहिलेलं घराण्याला वाचता यावं म्हणून.

पान सत्तावीस.
दुभत्या म्हशी तीन.
खोंडं दोन, पैकी एक लंगडं.
नाताळ शिदी एक. बायको एक. पोर एक, दात आलेलं.
हंडा तांब्याचा, पोचा पडलेला.

नाताळ!
कुठल्या बंदरात कुठल्या पाद्र्यानं
त्याच्या वाडवडलांना सणावाराची नावं वाटली,
आईनं ठेवलेली समुद्रातच राहिली.
फिरंग्याच्या मुलखातून घाट चढून सुटले ते,
सुटले म्हणजे
आमच्या दारात आले.
पाच पायल्या नाचणी दिली आम्ही. व्याजानं.

खाली बारीक अक्षरात:
'पळाला. आणविला. खर्च सव्वा रुपया.'
आणि तो सव्वा रुपयाही
नाताळच्याच नावे मांडलेला.

अक्षर मात्र सुरेख. ओळ कुठं हललेली नाही.

सकाळी तिला वाचून दाखवलं.
म्हशी वाचल्या, खोंडं वाचली,
बारीक अक्षराशी आल्यावर चष्मा पुसायला लागलो.
"वाचा की," ती म्हणाली. वाचलं.

बराच वेळ काही बोलली नाही.
बाहेर कौलांनी भरलेला ट्रॅक्टर वळत होता, तो बघत राहिली.
मग विचारलं, "पोराचं नाव नाही लिहिलं?"
नाही.
"लंगड्या खोंडाचं लिहिलंय की, लंगडं म्हणून."
होय.
"जुजे. माझा आजा तो. दमाम वाजवायचा.
लिहा तिथं."

पुराव्यावर लिहिता येत नाही, मी म्हणालो,
कागद बाद होईल, साहेब मानणार नाही.
"झेरॉक्सवर नको," ती म्हणाली. "तुमच्यात लिहा."

बॉलपेन दोनदा कोरडं चाललं त्या जुन्या कागदावर.
जु. जे.
माझं अक्षर पणजासारखं नाही, वाकडं आलं.

किती झाले, तिनं विचारलं.
राहू दे, म्हणालो.
तिनं पदराची गाठ सोडली,
दोन रुपयांचं नाणं मशीनच्या काचेवर ठेवलं.
"नको," म्हणाली,
"उधारी नको."