रकाना चौथा

नाना पेठेत माझा काटा सगळ्यांच्या ओळखीचा.
पत्रा, पुठ्ठा, दिवाळी अंक, कोर्टाचे कागद,
सगळ्यांना एकच न्याय, किलोवर.

परवा एक पोरगा आला, वाकडला फ्लॅट घेतलेला.
म्हणाला, आजोबा कंपाउंडर होते रास्ता पेठेत,
डॉक्टर सिम्हाबाई पेझारकरांकडे.
कोण त्या, विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.
रजिस्टरं नऊ. साडेअकरा किलो.
पैसे न मोजताच गेला.

पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा, धंद्याचा नियम.
फाडता फाडता हात थांबला.

छापील रकाने: अनुक्रम, नाव, वय, जात, तक्रार, औषध.
बाईनं जात लिहिलीच नाही.
नऊ वर्षं, नऊ रजिस्टरं, त्या रकान्यात वजन.
भागू, वय दोन, चौदा पौंड, जुलाब.
सोनूबाई, वय एकोणीस, शहात्तर पौंड, तिसरी खेप.
कुणी रावसाहेब, दोनशे दहा. औषध: चालणे.

शनिवारी दवाखाना बंद. तिचा सब्बाथ.
तरी समासात पेन्सिलीनं, कंपाउंडरच्या हातचं:
'बाई टांग्यात बसल्या नाहीत.
नागझरी ओलांडून चालत गेल्या.
मूल पायाळू. दोघं जगली.'

मागच्या पानांवर विधवांचा वर्ग, सुईणपणाचा.
हजेरी सात, मग चार, मग अकरा.
एका नावापुढं: दिरानं नेली.
दोन महिन्यांनी तेच नाव. हजर.

नगरपालिकेला पत्रं, कार्बनच्या नकला:
झाडूवाल्यांच्या चाळीस एक नळ मिळावा,
कारणे पुढीलप्रमाणे...
चौदाव्या पत्रात कारणं नाहीत.
'नळ. कृपया.'

चौदा ऑगस्टच्या रात्री गावभर रोषणाई असणार.
तिची नोंद: बारा वाजून दहा. मुलगी. सव्वापाच पौंड.
वार पडायला वेळ लागला.
बाहेर फार आवाज, बाळ दचकतं.

फेब्रुवारी अठ्ठेचाळीस. भाजलेले हात, सहा जणांचे.
घरं कुणाची, पेटवली कुणी,
तसला रकानाच नाही.
एकाच्या तळव्याला रॉकेलचा वास, एवढं लिहिलंय.
मलम त्यालाही.

माझी आजी त्याच चाळीतली.
दोन रात्री चष्मा लावून शोधली.
नाही सापडली, नावंच सारखी सगळी.
नळ मात्र होता म्हणायची, जिन्याखाली, डाव्या हाताला.
कुणी आणला, आम्ही कधी विचारलं नाही.

दवाखान्याच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
दुकानदाराला बाईचं नाव सांगितलं.
'कुठलं मॉडेल?' म्हणाला.

खोटं कशाला बोलू, आठ रजिस्टरं मिलला गेली.
पोट आहे.
नववं गल्ल्याखाली ठेवलंय, शेवटची पानं कोरी.
काल नातीला काट्यावर उभी केली.
हलत होती, दोनदा ओरडलो.
नाव लिहिलं, वय लिहिलं,
चौथ्या रकान्यात बावीस किलो.
पौंडांत किती होतात, कुणाला तरी विचारायला हवं.