मुदत

रात्री हेरंब झोपला की
मी आवाज दोनवर आणते
आणि तो येतो, गच्चीवरून गच्चीवर,
तोंडाला काळं फडकं, दिवसा कुठेतरी नोकरीला.
आमच्या दांडिया बाजारात अशा उड्या जमायच्या नाहीत,
मध्ये केबलच्या तारा, मोकाशींचे पापड,
उत्तरायणापासून अडकलेला मांजा.

मला मारामाऱ्या आवडत नाहीत.
हाड मोडतं तेव्हा मी खाली बघून शेंगा सोलते.
आवडतं ते त्याच्या आधीचं:
तो टाकीला टेकून बसतो, मान कलती करतो
आणि सगळं शहर त्याला ऐकू येतं.
तिसऱ्या मजल्यावर कुणी म्हणतं, नको,
आणि ते 'नको' पोचतं.
स्टॅम्प लागत नाही,
झेरॉक्सच्या तीन प्रती लागत नाहीत.

ऐकते तर मीही, एकोणीस वर्षं,
दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात.
'साक्षीदार गैरहजर.' 'वकील आजारी.'
पुढची तारीख बोटं आपली आपण टाइप करतात.
डभोईकडून जीवीबेन वसावा येते,
अडीच बिघे जमीन, सामनेवाले तीन,
एक वारला, म्हणून त्याच्या वारसांना नोटीस.
पिशवीत ढेबरं. विचारते, 'बेन, शुं थयुं?'
मी म्हणते, 'मुदत पडी.'
जशी गार पडते.
जशी कुणी पाडलेलीच नाही.

तो चाळीस मिनिटांत निकाल लावतो.
पुरावा? डोळ्यांत बघतो.
अपील? खिडकीतून खाली.
हे बरोबर नाही, मला कळतं.
रमणभाईच्या जागी रमणलाल पडलं एकदा माझ्याच हातून,
आठ महिने एक माणूस भलत्याच कज्ज्यात हिंडला.
ह्याला कुणी चुकीचं घर दाखवलं तर?
कळतं, आणि अंगठा
पुढच्या भागावर दाबलेला असतो.

मे महिन्यात अकोट्याच्या पुलावर
आम्ही अ‍ॅक्टिव्हावाल्या मिनिटभर तुंबतो,
ओढणी नाकावरून घेऊन मागे गाठ,
कोपरापर्यंत मोजे, उघडे फक्त डोळे.
पन्नास-साठ जणी. सख्खी जाऊ ओळखू येणार नाही.
खाली विश्वामित्रीत मगर
जबडा वासून ऊन खात पडलेली.
तिच्याकडे बघता बघता सोमवारी मी ठरवलं असावं.
खरं तर ठरवलंही नाही.

बोर्डावर जीवीबेन चव्वेचाळिसावी होती.
मी चौथी केली.
पुकारा झाला तेव्हा
सामनेवाल्यांचा वकील खाली चहात खारी बुडवत होता.
साडेअकराला तिची जबानी सुरू झाली,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
ती बोलली, मी टाइप केलं,
एकही चूक नाही.

ओढणी तेव्हा डिकीत होती, घडी घालून.
आणि चौथा जो पाचवा झाला,
त्याची वेळ जेवणाच्या सुट्टीत गेली,
मग मुदत.
पांढरी टोपी, हातात डबा.
त्याने मला विचारलं,
मी नेहमीचंच सांगितलं.

रात्री आवाज शून्यावर ठेवला.
तो टाकीला टेकून बसला होता.
मान कलती केली त्याने.
शेंग माझ्या हातात तशीच राहिली,
फोडली असती तर आवाज झाला असता.