शेरा (असल्यास)

बिबवेवाडीत, मार्चमध्ये, पंधरा प्रश्न घेऊन
मी पाच इमारती चढले.
दोन इमारतींना लिफ्ट होती. एकीची चालू होती.

प्रश्न सोपे. उत्तर हो किंवा नाही.
आयुष्य रिकामं वाटतं का.
बाहेर पडण्यापेक्षा घरातच बसावंसं वाटतं का.
बहुतेकांचं आपल्यापेक्षा बरं चाललंय, असं वाटतं का.

बायका हो-नाहीत मावत नाहीत.
शमीम बागवान लसूण सोलता सोलता म्हणाल्या,
रिकामं? अगं, पाय ठेवायला जागा नाही त्यात.
सात माणसं, एक मोरी,
आणि हे गेल्यापासून पेन्शनचं पुस्तक धाकट्याच्या कपाटात.
मग सोलायच्या थांबल्या.
मी ‘हो’वर खूण केली.
बरोबर केली की चूक, अजून ठरत नाही.

प्रमिला शिळीमकर, वय एकोणसत्तर, गुण अकरा.
सासूचं अंथरूण नऊ वर्षं, मग थोरल्या जावेचं,
आता स्वतःचे गुडघे, आणि रात्री दोनदा उठून
नवऱ्याचा श्वास चालू आहे ना हे बघणं.
रडू येतं का, हा प्रश्न यादीत नव्हताच.
त्यांनीच उत्तर दिलं:
कुकरची शिट्टी झाली की येतं.
आवाजात खपून जातं.

सोपान शिळीमकर, वय चौऱ्याहत्तर.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मापं तपासायचे,
केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी माल परत.
रिकामं? नाही.
भीती? नाही.
असहाय? नाही, नाही, पुढचं विचारा,
साडेसहाला मला खाली काम आहे.
गुण एक.
तोही चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही म्हणून.

ऑफिसात तक्ता झाला. पुरुष हिरवे, बायका लाल.
साहेब म्हणाले, बायका बोलतात ना, म्हणून आकडा फुगतो.
नऊ वर्षांचं अंथरूण फुगत नाही, साहेब,
उचलून, उलटून, उन्हात टाकून
ते माणसालाच सपाट करतं.
असं मी म्हणाले नाही.
माझा करार अकरा महिन्यांचा आहे.

काकांची सही राहिली होती, म्हणून परत गेले.
संध्याकाळ, गेटपाशी प्लास्टिकची खुर्ची,
मांडीवर दोनशे पानी वही.
टँकरची नोंद: गाडी नंबर, वेळ, किती हजार लिटर.
सोसायटीने कधीच सांगितलं नव्हतं,
पण कुणीतरी मोजायला हवं ना, ते म्हणाले.

वॉचमनने मला बाजूला घेतलं.
ताई, महापालिकेची नवी लाइन येऊन दोन वर्षं झाली.
इथे टँकर येत नाही.

मी वही मागितली. त्यांनी दिली, संकोच न करता,
तपासणीला माल द्यावा तशी.
तारीख. नाही.
तारीख. नाही.
तारीख. नाही.
अक्षर एकसारखं, ओळी मापात,
सातशेच्या वर नाही, एकही खोडलेला नाही.

माझ्या अर्जावर यांचा प्रत्येक ‘नाही’
मी प्रकृती उत्तम म्हणून मोजला होता.

तळाशी एक रकाना असतो. शेरा, असल्यास.
अंगठ्याएवढा.
त्यात काय लिहू म्हणून मी पेन उघडून बसले,
वॉचमनने दिलेल्या पाण्याच्या कॅनवर.
काकांनी घड्याळ पाहिलं.
आज येईलसं वाटत नाही.
नाही, मी म्हणाले.
त्यांनी ते लिहून घेतलं.

तेवढ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर, कुकर वाजला.
एक.
दोन.
भात असला की तिसरीला बंद करते ती, ते म्हणाले,
मान वर न करता.

तीन.

चौथी झाली.
पेन हवेतच थांबलं होतं.
गॅलरीत कुणी दिसत नव्हतं.
पाचवी मोजायला ते उठून उभे राहिले,
वही खाली पडली,
आणि लिफ्टची वाट न बघता
त्यांनी जिन्याचा कठडा धरला.