दुखवट्याच्या घरात साखर चाळत नाहीत

आमच्या गावात, पेलिओन डोंगराच्या उतारावर,
दुखवट्याच्या घरात नाताळला साखर चाळत नाहीत.
वर्षभर नाही. शेजारचे ताट आणून ठेवतात,
वरून फडकं, फडक्याखाली कुराबिएदेस,
आणि दार लोटून निघून जातात.

मेल्पोच्या घरी यंदा ताट द्यायची पाळी माझी.
तिचा अरिस्तिदिस ऑक्टोबरात गेला.
सफरचंदाच्या पेट्या उतरवता उतरवता
खाली बसला तो बसलाच.

आता गंमत अशी, की मला कुराबिएदेस येत नाहीत.
तीस वर्षं मी ते मेल्पोकडूनच आणत आले.
माझे एक तर दगड होतात, नाही तर भट्टीत पसरून बसतात,
बोट लावायच्या आत भुगा.
तिच्यासाठी तिचंच करायचं, आणि विचारायचं कुणाला?

तेवीस डिसेंबरला ती मागच्या दाराने आली.
काळा झगा, काळा रुमाल, काळे मोजे.
"मीठ संपलंय," म्हणाली.
मी बरणी पुढे केली, तिने पाहिलीही नाही.
ती पाहत होती माझ्या परातीतलं लोणी.

"हे फेसलंय?"
"फेसलंय."
"किती वेळ?"
मी गप्प.
तिने बाह्या सारल्या.

मेंढीच्या दुधाचं लोणी, हाताच्या उबेनं सैल झालेलं,
ती एकाच दिशेनं फिरवत राहिली
पिवळं जाईपर्यंत, मग पांढरं येईपर्यंत,
मग त्याच्याही पुढे, जिथे मी कधी गेलेच नव्हते.
बदाम सालासकट भाजले, खरपूस,
अर्धे कुटले, अर्धे नुसते मोडले,
"दाताला कळलं पाहिजे, काहीतरी आहे म्हणून."
त्सिपुरोचा एक घोट लोण्याला, एक मला.
पीठ किती?
"मागेल तेवढं."
मागतंय ते कळतं कसं?
"नवऱ्याचं कसं कळायचं?" म्हणाली, आणि थांबली.
मग भट्टीचं दार उगाच उघडलं, उगाच लावलं.

रंग येऊ द्यायचा नाही म्हणे. तांबूस झाला की गेला.
वरून पांढराच, पण आतून भाजलेला हवा.
गरम आहेत तोवर गुलाबपाण्याचा शिपका,
मग चाळणी. मग साखर.
ती चाळत होती, आणि मी मनात हिशेब जुळवत होते:
घर माझं, भट्टी माझी, साखर माझी.
हात कुणाचे, ते फक्त मांजराने पाहिलं.

अरिस्तिदिसला एक खोड होती.
तिने घास तोंडात घातला, की नेमका तेव्हाच प्रश्न:
"बकरी बांधलीस का?" "आज वार कोणता?"
ती उत्तर द्यायला जाई, आणि फू!
त्याच्या मिशा, टेबल, पाववाल्याचं बिल, सगळं पांढरं.
दर नाताळात. दर वेळी ती फसायची.
मला वाटतं, ठरवून फसायची.

पहिला तिने उचलला. खाली तळवा धरला.
श्वास रोखला, रोखावाच लागतो.
कुणी काही विचारलं नाही.
मी तर नाहीच.
अर्धा खाल्ला, नीट, कण न सांडता,
उरलेला अख्खा तोंडात टाकला
आणि कुणाकडेच न बघता म्हणाली,
"बांधली."

फू.

काळ्या झग्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत साखर.
मी ओलं फडकं घेऊन उठले. तिने माझं मनगट धरलं.
मागच्या दाराने आलेली बाई पुढच्या दाराने निघाली,
चौकातून, कॉफीवाल्याच्या बाकांसमोरून,
सावकाश, न झटकता.

मीठ मात्र विसरली.
संध्याकाळी ताटाशेजारी बरणी ठेवली
आणि रीतीप्रमाणे
दार लोटून परत आले.