बारा चित्रं पुरेत

प्रणील, तू चाळीस चित्रं आणलीस
आणि त्यातले अकरा ड्रॅगन.
सगळ्यांचे पंख वटवाघळाचे, सगळ्यांच्या तोंडात जाळ,
पण एकाचंही वजन जमिनीवर पडत नाही.
चहा घे. रागावू नकोस.
महाप्याच्या ह्याच टपरीवर
मीही अशीच बसले होते कुणासमोर तरी,
मांडीवर फाईल, फाईलमध्ये नऊ पऱ्या.

तू विचारतोस, आत गेल्यावर काय काढायला मिळतं.
पहिली दोन वर्षं मी पिंपं काढली.
लाकडी, लोखंडी, फुटकी, बुरशी धरलेली.
कुठल्याशा थंड देशातला पोरगा
माझ्या पिंपामागे लपतो, गोळी चुकवतो,
पिंपाकडे बघत नाही.
बघायचं नसतंच. बघितलं तर पिंप चुकलं.
मग दारं. मग शेवाळ.
चौथ्या वर्षी एका राक्षसाचा डावा गुडघा,
अख्खा माझा.

खेळ संपला की पडद्यावर नावं सरकतात,
साडेअकरा मिनिटं.
आईला शेजारी बसवलं होतं, चष्मा पुसून दिला होता.
शेवटी एका ओळीत आमच्या कंपनीचं नाव आलं,
अडीचशे माणसं त्या एका ओळीत.
"ह्यात तू कुठे?" आई म्हणाली.
मी खेळ परत सुरू केला, तिला राक्षसापर्यंत नेलं.
त्याने आम्हाला तीनदा मारलं.
चौथ्यांदा ती पुढे वाकून म्हणाली,
"अगं, ह्याला वात आहे."
मी काही बोलले नाही.
कळव्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर
पायरीवर थांबून ती जो गुडघा चोळते
तोच होता तो.

तर ऐक.
गोखले रोडवरचा क्लास साडेतीन लाख मागतो,
त्यांच्या बोर्डावरचा ड्रॅगन बघून घे,
तुझ्या अकरांचा बारावा भाऊ.
त्यापेक्षा जुना टॅब्लेट शोध, पेन मात्र नवीन घे.
सकाळी तलावपाळीवर जा,
बाकावर पेंगणारे म्हातारे हलत नाहीत आणि पैसे घेत नाहीत.
कंपनी परीक्षा म्हणून चित्र मागेल, फुकट. एक दे.
दुसरं मागितलं तर विचार, किती देणार?
आवाज चढवू नकोस, पण विचार.
कागदावर सही घेतील, दोन वर्षं तोंड बंद,
स्वतःचं चित्रही स्वतःचं म्हणायचं नाही.
आणि हो, ते यंत्र.
तुझा चहा निवायच्या आत ते अकरा ड्रॅगन काढतं.
म्हणून म्हणते, ड्रॅगन त्यालाच काढू दे.

थांब, हे शेवटचं काय?
लाईट बिलाच्या मागे, बॉलपेनने?

"ते असंच, ताई. दिवाळ्याला,
बाबा जाळं सोडवत होते तेव्हा."

निवटी.
डोळे डोक्यावर, गाल पाण्याने फुगलेले,
कोपरांवर रेटत निघालीय चिखलातून,
मागे घसरल्याची रेघ.
प्रणील, हिचं वजन पडलंय.
हिला घराएवढी कर.
पुढून, बाजूने, मागून काढ,
झोपते कुठे ते काढ, भूक लागली की कशी वळते ते काढ.
शेजारी बाबांना उभं कर, म्हणजे माप कळेल.
जाळं हातातच राहू दे त्यांच्या.
अशी बारा कर. अठ्ठावीस फेक.
लागेलच काम असं मी म्हणत नाही,
आमच्याकडूनच मार्चमध्ये सतरा जण गेले.
पण तुझी फाईल उघडणारा
एक क्षण पान उलटायचं विसरेल,
आणि ह्या धंद्यात तेवढाच दरवाजा असतो.

चहाचे मी देते.
तू बिल भर, तारीख उलटून गेलीय.
आणि खिशात घालताना
तो कागद दुमडू नकोस,
घडी नेमकी तिच्या मानेवर येते.