तुळशीच्या लग्नाआधी

कोजागरी होऊन आठ दिवस झाले.
बुकिंगच्या वहीत पानं कोरी.
तुळशीचं लग्न लागल्याशिवाय
भिलवडीत कुणी बोहल्यावर चढत नाही,
म्हणून लग्नातला कॅमेरा घेऊन
मी कृष्णेवर येतो.
बॅगेच्या शिवणीत अजून मे महिन्यातल्या अक्षता,
कुणाच्या, ते आठवत नाही.

मल्लू आंबीकडे नाव नाही, काहील आहे.
तीस वर्षं तिच्यात गूळ शिजला,
आता ती आम्हा दोघांना घेऊन
पाण्यावर गोल फिरते.
खालचा काठ, ऊस, वरचा काठ, ऊस,
पुन्हा खालचा.
"नेम धरा," मल्लू म्हणतो,
"मी थांबवतो. नदी थांबंल न्हाई थांबंल."

काठाच्या बाभळीला, माझ्या दुप्पट उंचीवर,
जुलैचं पाणी अडकलंय अजून:
खताचं पोतं, निळी चप्पल,
कुणाचं तरी झबलं.
त्या झबल्यावर खंड्या बसला होता.
मी फोटो काढला नाही.
का, ते मल्लूनं विचारलं नाही.

धुण्याच्या दगडावर धोबी आलाय,
पत्रिका नाही, बोलावणं नाही,
कुठल्या डोंगरापलीकडून आला असेल एवढासा जीव,
आणि आल्या आल्या शेपटी वरखाली,
जणू इथलाच.
शेजारी रुक्साना चादर आपटत होती.
दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही.

आणि मळीवर, ओल्या गाळात,
ती.

नवरीला सांगता येतं, हनुवटी थोडी खाली,
मामांना सांगता येतं, जरा आत सरका.
हिला काय सांगणार?
तोंड उघडून पडली होती,
जणू चाळीस मिनिटांपूर्वी कुणी "हसा" म्हणालं
आणि "झालं" म्हणायला विसरलं.
धुकं उसावरून उतरलं, तिच्या पाठीवर बसलं, उठलं.
एक तुतवार चोचीनं गाळ टोचत टोचत
तिच्या जबड्यासमोरून गेली,
पोस्टातल्या बाईनं रोजचा रस्ता चालावा तशी.
दोनशे बारा फोटो.
एकशे नव्याण्णव काहिलीनं फिरवले.
एकात मात्र दात आहेत, पक्षी आहे,
आणि दोघांच्या मधे हातभर ऊन.

घाटावर उपसरपंच उभेच होते, सुकुमार चौगुले,
हातात प्लास्टिकची फाईल.
"आला का फोटो? अर्जाला जोडायचाय.
धरून न्या म्हणायचं. लांब धरणात सोडा.
तोंड उघडं असलेला द्या, म्हणजे साहेबाला पटतंय."
मी म्हटलं, बघतो.
खरं तर ते चुकीचं बोलत नव्हते.
घाटावर पोरं पोहतात.

तानूबाई वायदंडे मागून आली.
दसऱ्याच्या आदल्या दिवशी
तिची शेळी गेली होती, गाभण,
पाणी प्यायला वाकली ती वाकलीच.
"दाव," म्हणाली.
मी छोट्या पडद्यावर दाखवला.
पदरानं हात पुसून तिनं कॅमेरा धरला,
लग्नघरातल्या बायका पहिला फोटो बघताना धरतात
तसाच, दोन्ही हातांनी.
"मोठं कर."
मी दात मोठे केले.
"तोंड न्हवं. प्वाट."
मी पोट मोठं केलं.
करत गेलो, चौकोन फुटेपर्यंत,
नुसता गाळाचा रंग उरेपर्यंत.
ती बघत राहिली.
मग म्हणाली, "हीबी एकटीच दिसती."
आणि फाईलकडे न बघता
पायऱ्या चढून गेली.

चौगुले म्हणाले, "मग कधी देताय?"

माझ्या तोंडात ते वाक्य तयारच असतं,
बारा वर्षं प्रत्येक नवऱ्याच्या बापाला सांगतोय:
गर्दी आहे हो, लॅबला दिलंय, येईल.
"तुळशीचं लग्न होऊ द्या," मी म्हटलं.

खाली मल्लू काहील उपडी करत होता.
मळी रिकामी झाली होती.
गाळात फक्त पोटाची एक लांब रेघ,
पाण्यापर्यंत,
आणि तिच्यावरून आडवी गेलेली
तुतवारीची बारीक पावलं.
कार्डात जागा होती.
उजेडही बरा होता.