शनिवारची व्हॅन

दर शनिवारी कुताइसीच्या बाजारामागे
इटलीची व्हॅन येऊन थांबते.
खोक्यावर माझं नाव, लामाराच्या तिरक्या अक्षरात.
कॉफी, पोराचे बूट, आणि एक साबण,
जो मी वापरत नाही. नुसता हुंगतो.

ती तिकडे बारीला
एका म्हातारीला भरवते, कूस बदलून देते.
म्हातारी स्वतःच्या मुलीच्या नावाने हाक मारते
आणि ही ओ देते.
‘नाव दुरुस्त करायचा पगार नाही मिळत,’ फोनवर म्हणाली.
हसली असावी. रेंज गेली.

इकडे तिची आई.
तिला मी भरवतो. जावई.
न्हाऊ घालायला शेजारची झुझुना येते,
तिचे पैसे बारीहून येतात.

लोक म्हणतात, बाद्री, तू राहिलास ते बरं केलंस.

राहिलो कुठे?
एखादं काम राहून जातं ना,
तसा राहून गेलो.

ड्रायव्हर खोकं काट्यावर ठेवतो:
अक्रोड, आलुबुखारांची आंबट चटणी,
सासूने विणलेला एकच मोजा.
‘दुसरा?’ तो विचारतो.
विणतेय, मी म्हणतो.
पुढच्या शनिवारी.